वरचा कोपरा

सकाळपासून वारं पिसाळलं होतं. पश्चिमेकडचं, गरम, तोंडात मातीची चव ठेवून जाणारं. पेरणीच्या आधीचे दिवस असेच असतात. आभाळ करपलेल्या पातेल्यासारखं, ढगाचा पत्ता नाही, आणि जिकडे बघावं तिकडे धूर. गहू निघाला की रानात खुंट उरतात आणि मशीननं ओकलेलं काड उरतं. ते पेटवायचं, राख झाली की नांगर घालायचा, हे सगळ्यांचं वर्षानुवर्षांचं. त्यामुळे या दिवसांत ठिणगी कुठून उडत येईल याचा नेम नसतो.

पहारकाकू उजाडायच्या आधीच बांधावर आली होती. डोक्याला रुमाल घट्ट आवळलेला, पायात नवऱ्याचे जुने बूट, हातात ओलं पोतं. ठिणगी पडली की ती पोतं असं आपटायची, जणू जमिनीनं तिचं काही वाकडं केलंय. "मर! मर मेल्या!" एकेका ठिणगीला तीन-तीन तडाखे. विझल्यावरचा चौथा तिच्या स्वतःच्या समाधानासाठी.

बांधाच्या अलीकडे तिचं तीन एकर रान. उतारावरचं, वर टेकडीला टेकलेलं. त्यात काड पसरलेलं होतं, चार बोटं जाड, पिवळं, कोरडं ठक्क. एवढं काड या दिवसांत आसपास कुणाच्याच रानात नव्हतं. काडीपेटीच्या गोदामात झोपावं तशी ती महिनाभर त्या काडाजवळ राहत होती.

काड सरकलं. हातभर लांब काहीतरी तपकिरी सळसळलं. काकूनं पोतं टाकलं, फावडं उचललं आणि पात्याची धार मानेवर घातली. विषारी होता. दोन तुकडे झाल्यावरही शेपटी बराच वेळ ऐकायला तयार नव्हती. तिनं तुकडे फावड्यावर घेतले आणि बांधावर, लोकांना दिसतील असे ठेवले. लोक म्हणतात ना, काकूच्या काडात साप होतात. होतात. आणि असे जातात.

"ताई, चहा!" पलीकडून धाकटी जाऊ आली. हातात किटली, डोळे धुरानं लाल. साप बघून तिनं उडी मारली. "अगं बाई! सकाळी सकाळी?"

"मग त्याला दुपारची वेळ देऊ का?"

जावेनं कपात चहा ओतला. किटली खाली ठेवली. मग म्हणाली, "ताई, आज पेटवणार आहेत."

"कोण?"

"तुमचे दीर. माझ्यात कुठे एवढी आग!"

काकूनं कप खाली ठेवला. "वारं बघ म्हणावं."

"सांगितलं. तर म्हणाले, बाबांच्या वेळी काय वारं नव्हतं का? त्यांचं माहीत आहे ना तुम्हाला. एकदा बाबा निघाले की विषय संपला."

"त्याला म्हणावं, एक ठिणगी इकडे आली तर..." काकू पुढचं बोलली नाही. फक्त फावड्याच्या दांड्याकडे बघितलं. जाऊसुद्धा दांड्याकडे बघत किटली घेऊन निघून गेली.

तिला सगळे पहारकाकू म्हणतात ते चार वर्षांपासून. त्याआधी ती नुसती काकू होती. पण गरीब गाय तेव्हाही नव्हती. तिचं हे फावडं कसं आलं ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. बियाण्याच्या दुकानात गेली होती. दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्हाला यातलं कळायचं नाही, घरच्या माणसाला पाठवा." काकूनं दारात टांगलेलं फावडं काढलं आणि काचेच्या काउंटरवर घातलं. काचा खळाखळा पायाशी. दुकानदार पोत्यांच्या मागे. मग काकूनं फावडं उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "चांगलं आहे. हे बांधून द्या."

नवरा मात्र शांत माणूस होता. बायकोनं कुणाला बडवलं की तो संध्याकाळी त्या माणसाकडे जाऊन बसायचा, इकडचं तिकडचं बोलायचा, आणि परत यायचा. तो आणि धाकटा भाऊ, दोघांनी मिळून ट्रॅक्टर घेतला होता. रान वाटून घेतलं होतं, मध्ये बांध टाकला होता, पण नांगरायचे एकच समजून.

त्या वर्षी आधीच्या पावसानं वरच्या कोपऱ्यात घळ पाडली होती. नांगरून मोकळी केलेली माती उतारावरून गेली की मागे राहतं ते असं. दरवर्षी हातभर खोल. नवऱ्यानं सगळं रान नांगरलं, ट्रॅक्टर खाली आणला, इंजिन बंद करायला हात पुढे केला. बांधावर धाकटा भाऊ उभा होता. त्यानं हाक मारली, "दादा, वरचा कोपरा राहिला."

दादा हसला आणि वळला.

मागचं चाक घळीत गेलं. पुढची चाकं आधी उचलली, घोडा दोन पायांवर उभा राहावा तशी, आणि मग तो अख्खा लोखंडाचा डोंगर मागे उलथला. स्टिअरिंग छातीवर आलं. इंजिन चालूच होतं. चाकं आभाळाकडे फिरत होती. काकू जेवण घेऊन येत होती. तिनं डबा टाकला. आठ माणसं आणि एक पहार घालून ट्रॅक्टर वीतभर उचलला, तेव्हा बाहेर काढलं. बाहेर काढण्यासारखं फार काही राहिलं नव्हतं. ज्यानं पहार आणली होती त्याला ती परत मिळाली नाही. काकूनं ती उचलली आणि घरी नेली, आणि मागायची कुणाची छाती झाली नाही.

पुढच्या पेरणीला दिरानं ट्रॅक्टर दुरुस्त केला, त्याला लाल रंग दिला आणि सगळ्यांच्या आधी वहिनीच्या रानात आणला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "वहिनी, तुमचं आधी करतो," म्हणाला.

काकू पहार घेऊन समोर उभी राहिली. पहिला घाव उजव्या दिव्यावर, दुसरा डाव्यावर, तिसरा जाळीतून थेट रेडिएटरमध्ये. गरम पाण्याची चिळकांडी तिच्या मनगटावर उडाली. तो डाग अजून आहे. दीर सीटवर बसल्या बसल्या पांढरा पडला.

"हा बैल माझ्या रानात यायचा नाही," ती म्हणाली. "याचे दात याच्या घशात घालीन."

मग पेरायचं कशानं? तिनं पहारीनं पेरलं. काड साफ करायला माणूस नव्हतं, तसंच राहू दिलं. काडातून पहार मारायची, भोक पाडायचं, मक्याचे दोन दाणे टाकायचे, बुटानं दाबायचं. पुन्हा पहार. तीन एकर. बारा दिवस. हातांची सालटी निघाली. लोक बांधावरून जाताना म्हणायचे, "काकू, जमिनीचे दात कोरताय का?" पहिल्या वर्षी निम्मं पीक आलं आणि त्यातलं निम्मं उंदरांनी नेलं. उंदरांशी तिनं कसं युद्ध केलं ते सांगण्यासारखं नाही. एवढंच की त्या वर्षी आसपासची मांजरं तिच्या रानातून हलायला तयार नव्हती.

दुसऱ्या वर्षी खालचं काड कुजलं आणि पहार लोण्यात जावी तशी जाऊ लागली. तिसऱ्या वर्षी पावसानं वीस दिवस दडी मारली, तेव्हा सगळ्यांच्या मक्यानं माना टाकल्या आणि काकूचा आठ दिवस जास्त उभा राहिला. वरच्या घळीचं तोंड काडानं आणि तणानं बुजत आलं.

सगळ्यांनी बघितलं. कुणी काही बोललं नाही. शेतकरी दुसऱ्याच्या रानाकडे बघतो ते डोळ्याच्या कोपऱ्यातून, आणि जे दिसतं ते आधी बायकोपासूनसुद्धा लपवतो. शिवाय काड न पेटवलेलं रान म्हणजे न विंचरलेलं डोकं. ज्याचं तसं, तो आळशी, नाहीतर त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय. पहिला वेडा व्हायला हिंमत लागते. ती जागा काकूनं आधीच अडवली होती, आणि तिच्या शेजारी उभं राहायचं म्हणजे दांड्याच्या टप्प्यात उभं राहणं.

शेतीखात्याचा साहेब मात्र खूश झाला. पुस्तिका घेऊन आला. "काकू, तुम्ही आदर्श आहात. माती जिवंत असते, हे तुम्ही ओळखलंत."

"माझा माणूस जिवंत होता," काकू म्हणाली. "त्याचं काय ते सांग."

साहेबानं पुस्तिका बांधावर ठेवली आणि मोटरसायकलला किक मारली.

खरा सल होता दिराला. आजूबाजूच्या दहा वाड्यांत त्याच्याइतका नांगराचा सरळ तास धरणारा ट्रॅक्टरवाला नव्हता. रोज सकाळी दार उघडलं की समोर वहिनीचं न नांगरलेलं रान. इतरांना तो वेडेपणा दिसायचा. त्याला ते बोट दिसायचं, आपल्याकडे रोखलेलं. बांधावरून आपण काय हाक मारली होती ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. इंजिनच्या आवाजात ती दादाशिवाय कुणाला ऐकू गेली नसणार, असं तो स्वतःला सांगत आला होता. त्या रानात एकदा नांगर फिरला असता, ते चारचौघांसारखं काळंभोर झालं असतं, तर त्याला झोप लागली असती. म्हणून तो गोड बोलून बघायचा, ओरडून बघायचा. एकदा तर म्हणाला, "वहिनी, दादाला काय वाटत असेल?" त्या दिवशी काकूनं त्याच्या अंगावर भरलेली बादली फेकली, नुसतं पाणी नाही, बादलीसकट.

चहा पिऊन तास झाला नसेल. वारं आणखी चढलं. काकूनं वर बघितलं, तर बांधापलीकडे, खालच्या कोपऱ्यात दीर वाकला होता.

त्याच्या बापाची रीत होती ती. आग खालच्या कोपऱ्यातून लावायची, म्हणजे ती उतारानं आपोआप वर चढते आणि टेकडीच्या खडकाला जाऊन मरते. मधल्या बांधाकडे बघायची गरजच नसायची, कारण बापाच्या वेळी मध्ये बांध नव्हता. रान एकच होतं आणि एकदम पेटायचं. दिरानं काडी ओढली ती बापानं जिथे ओढली असती तिथेच, तशीच, पाठ वाऱ्याकडे करून. बांधाच्या कडेनं त्यानं हातभरसुद्धा पट्टा मोकळा केला नव्हता.

"भाऊजी!" काकू ओरडली. "वारं!"

आगीनं एक श्वास घेतला आणि उभी राहिली. माणसापेक्षा उंच. काकूनं आपल्या बाजूनं चार हात पट्टा खरवडून ठेवला होता, पाणी मारून ठेवलं होतं. आग त्या पट्ट्याला येऊन थबकलीसुद्धा. पण वर, निम्म्या उतारावर एक वावटळ उठली, जळत्या काडाची पेंढी उचलली आणि बांधावरून सहज अलीकडे, काकूच्या काडात ठेवली.

पुढची पंधरा मिनिटं काकू माणूस नव्हती. ती आगीत शिरून पोतं मारत होती. पोतं पेटलं, तिनं टाकलं; रुमाल पेटला, तिनं तो डोक्यावरून ओरबाडून टाचेखाली चिरडला. काडातून उंदीर, सरडे, एक सशीण पिलं सोडून पळाली. वरचं रान तडतडत, फुटत, टेकडीकडे धावलं. ते हातचं गेलं हे कळल्यावर तिनं तिकडे पाठ फिरवली आणि मध्येच आडवी चरी खणायला घेतली, फावड्यानं, वेड्यासारखी. जाऊ बादल्या घेऊन धावत आली. दोघींनी मिळून खालचा दीड एकर वाचवला. वरचा दीड एकर काळा झाला. चार वर्षांचं काड, चार वर्षांची कुजलेली साय, सगळं. वरच्या कोपऱ्यात घळीनं पुन्हा तोंड उघडलं होतं.

दीर बांध ओलांडून आला. तोंडावर काजळी. काय बोलावं हे त्याला सुचलं नाही, आणि न सुचल्यावर माणूस जे बोलतो तेच तो बोलला.

"जाऊ द्या वहिनी. आयतं साफ झालं."

काकूनं फावडं उलटं धरलं. पातं वर होतं म्हणून दीर आज जिवंत आहे. दांडा त्याच्या गळ्याजवळच्या हाडावर बसला. दोन आवाज आले: एक हाडाचा, एक दांड्याचा. दांडा उभा चिरला. दीर गुडघ्यावर आला, पण तोही त्याच बापाचा; पडता पडता त्यानं डाव्या हाताची मूठ वर मारली. काकूचा पुढचा दात राखेत पडला. तिनं त्याचे केस धरले. त्यानं तिचा पाय ओढला. दोघं गरम राखेत लोळले, एकमेकांचं नरडं शोधत.

"दादाला खाल्लास! आता माती खा!" ती त्याचं तोंड राखेत दाबत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला 'अरे-तुरे' केलं होतं.

जावेनं दोन बादल्या पाणी दोघांवर ओतलं, कुत्री सोडवतात तसं. "मरा दोघं!" ती रडत ओरडली. "मरा आणि मला मोकळं करा! एक ट्रॅक्टर धरून बसलाय, एक पहार धरून बसलीय. माझ्या मुलींना काका नाही, आता बाप तरी राहू द्या!"

तेव्हा दोघं सुटले. धापा टाकत, ओलेचिंब, काळे. कोण कोण आहे तेही ओळखू येत नव्हतं.

दवाखान्यातून चौकीला कळलं. हवालदार आला. आधी दिराकडे गेला. त्याचा उजवा हात झोळीत.

"काय झालं?"

"बांधावरून पडलो."

मग काकूकडे. "तुमचा दात?"

"बांधावरून पडले."

"दोघंही? एकाच वेळी?"

"बांध लांब आहे," काकू म्हणाली. "दोघं मावतात."

हवालदारानं वही मिटली.

दिराचा हात सहा आठवडे झोळीत राहणार होता, म्हणून त्यानं भाड्याचा ड्रायव्हर लावून रान नांगरून घेतलं. ड्रायव्हरनं वरून खाली, उतारालाच तास धरले, कारण ट्रॅक्टर त्याचा नव्हता आणि रानही नव्हतं. मका पेरला. काकूनं चिरलेल्या दांड्याला तार गुंडाळली, आणि पहारीनं भोकं पाडली. खाली काडातून, वर राखेतून. दोघांचाही मका एकदमच वर आला, बोटभर, पोपटी. दोघं बांधाच्या दोन बाजूंना एकमेकांकडे पाठ करून काम करायचे.

मग तो पाऊस आला. हलके दोन होऊन गेले होते, हा तिसरा. दुपारी तीनला अंधारलं आणि पाऊस पडला नाही, कोसळला. गोठ्याचा पत्रा उडून झाडाच्या बुंध्यात पात्यासारखा रुतला. दोन तास. घरात बसून ऐकताना असं वाटत होतं की टेकडीवरून कुणी दगडांच्या गाड्या रिकाम्या करतंय.

थांबल्यावर काकू बाहेर पडली. दीरही आपल्या दारातून. दोघं आपापल्या वाटेनं, एकमेकांकडे न बघता, एकाच ठिकाणी पोचले.

दिराच्या रानात सरळ तासांचे सरळ ओढे झाले होते. मका नव्हता. माती नव्हती. खालचा पिवळा मुरूम उघडा पडला होता, कातडं सोलल्यावर मांस दिसावं तसा. रस्त्यावर गुडघाभर काळा गाळ पसरला होता. ते त्याचं रान होतं, रस्त्यावर पडलेलं. कडेला तेवढी चार-पाच ओळी रोपं उरली होती, मुळं लोंबत.

काकूचंही वरचं दीड एकर खरवडलं गेलं होतं. पण खालच्या दीड एकरात मका उभा होता. झोडपलेला, चिखल माखलेला, पण उभा. वरून वाहत आलेली तिची माती काडाच्या पहिल्या दहा पावलांत अडकून बसली होती, गाळणीत चहाची भुकटी बसावी तशी. बाई तीच, बी तेच, पाऊस तोच. एका बाजूला काड जळलं होतं, एका बाजूला नव्हतं. मध्ये तिनं खणलेली चरी होती.

दीर त्या चरीकडे बराच वेळ बघत राहिला. मग घरी गेला. 

चार दिवसांनी काकूच्या काडाच्या गंजीचा एक कोपरा खाल्लेला दिसला. गोठ्यामागे तिनं थोडं काड रचून ठेवलं होतं, त्यातलं. दुसऱ्या दिवशी आणखी. गाय सुटली म्हणावं तर शेण नाही. तिसऱ्या दिवशी तांबडं फुटताच तिनं तार गुंडाळलेलं फावडं उचललं आणि सांडलेल्या काड्यांच्या मागावर गेली. माग बांध ओलांडून गेला.

दीर होता. उजवा हात झोळीत, डाव्या काखेत काडाची पेंढी. राहिलेल्या रोपांमध्ये गुडघ्यावर बसून तो काड पसरत होता. एका हातानं, वेडंवाकडं, रोपांच्या देठांना गच्च लावून.

तिची सावली पडली. त्यानं मान वर केली. फावडं तिच्या खांद्यावर गेलेलं होतं.

"मारा," तो म्हणाला. "दुसरा खांदा शिल्लक आहे."

"मागायला तोंड नव्हतं?"

"नव्हतं." तो पुन्हा खाली बघायला लागला. "कुठल्या तोंडानं मागू? वहिनी, मी... त्या दिवशी मीच म्हणालो होतो. वरचा कोपरा राहिला म्हणून. तो उतरत होता. मीच परत पाठवला."

 खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल गेली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला.

"डबा घेऊन येत होते मी. ऐकलं. तू म्हणालास, तो हसला, ते पण बघितलं." तिनं खांद्यावरचं फावडं दोन्ही हातांनी आवळलं. "रोज सकाळी उठते तेव्हा ठरवते, आज याला मारून टाकायचं. चार वर्षं. मग पहार घेते आणि रानात जाते. बारा-बारा दिवस भोकं पाडते. प्रत्येक भोक तुझ्या छातीत पाडते. मला काय माहीत होतं रे, त्यानं रान सुधारेल!"

दिराच्या नाकातून विचित्र आवाज आला. रडू होतं, पण निघताना वाट चुकून हसू झालं. काकूच्याही ओठांवर हसू येऊ पाहत होतं, तिनं पडलेल्या दाताच्या खाचेतून थुंकी टाकली. फावडं खाली आलं. अंगावर नाही. बाजूच्या मातीत, एवढ्या जोरानं की तारेचा एक वेढा सुटला.

मग तिचं लक्ष रोपांकडे गेलं, आणि इतका वेळ आला नव्हता तो राग आला.

"अरे गाढवा, देठाला चिकटवतात का काड? कुजेल ना! चार बोटं सोड. सोड आधी! एवढं चोरलंस, तर नीट बघून तरी चोरायचं."

तिनं वाकून एका रोपाभोवतीचं काड सरकवलं. त्यानं दुसऱ्या. ती बांधापलीकडे गेली, ती गेली असं समजून तो थांबला. पण ती पहार घेऊन परत आली. त्या सकाळी ती रिकाम्या जागी पहार मारत गेली, धाप धाप, आणि मागून तो डाव्या हातानं भोकात दोन-दोन दाणे टाकत गेला. पहार पडली की दरवेळी तो किंचित दचकायचा. तिनं ते पाहिलं, आणि जरा जास्तच जोरानं मारू लागली.

ट्रॅक्टर त्यानं विकला नाही. सपाटावर तो अजून लोकांची रानं नांगरतो, आणि सरळ तासाची ऐट गेलेली नाही. पण उतारावर नेत नाही. कुणी फार मागे लागलं तर म्हणतो, "उतारावर न्यायचा तर आधी आमच्या वहिनीला विचारा." मग कुणी मागे लागत नाही. गाळ तुडवत रस्त्यानं गेलेल्यांपैकी टेकडीकडच्या दोघांनी पुढच्या वर्षी काड पेटवायचं नाही असं ठरवलंय म्हणे. पण ते आपल्या बायकांनाही अजून बोललेले नाहीत.

हात झोळीतून निघाला त्या आठवड्यात शेतीखात्याची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. दीर गोठ्याच्या दारात उभा होता, काकू उंबऱ्यावर बसली होती.

"नवीन पद्धत कशामुळे स्वीकारली?" मुलीनं दिराला विचारलं. "प्रशिक्षण, अनुदान, शेजाऱ्याचं पाहून, की इतर?"

दिरानं काकूकडे बघितलं. काकूनं दिराकडे.

"इतर," तो म्हणाला.

"इतर म्हणजे? लिहावं लागतं."

"लिहा, बांधावरून पडल्यामुळे."

मुलीनं पेन वर धरलं, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि काहीतरी लिहून निघून गेली.

दीर तरीही रेंगाळला. पाठीमागे धरलेलं त्यानं पुढे केलं. फावड्याच्या मापाची एक काठी होती, साल काढलेली, ताजी.

"दांड्याला," तो म्हणाला. "माझ्यामुळेच चिरला तो."

काकूनं काठी हातात घेतली, नखानं दाबून बघितली. नख आत गेलं.

"हे मऊ लाकूड आहे, भाऊजी."

"हो," दीर म्हणाला. "मुद्दाम बघून आणलंय."

तो गेला. काकूनं जुना दांडा ठोकून काढला, तारेचे वेढे सोडवून खिळ्याला अडकवले. मग फावड्याचं पातं पायाखाली दाबून धरलं, काठीचं टोक विळ्यानं तासायला घेतलं. बसेना, तेव्हा पुन्हा तासलं, आणि दगडानं ठोकत बसली.